गालापागोसची महाकाय कासवं संपलेली नाहीत

‘गालापागोसचं शेवटचं महाकाय कासव २०१२ साली मेलं’ असा मजकूर फिरतोय. अर्धवट आहे. २४ जूनला गेला तो ‘लोनसम जॉर्ज’ नावाचा नर, इक्वेडोरच्या गालापागोस बेटांपैकी फक्त पिंटा बेटावरच्या जातीतला शेवटचा. बाकी बेटांवरच्या बऱ्याच जाती आजही आहेत, धोक्यात असल्या तरी.

एस्पान्योला बेटाचंच बघा. तिथे उरली होती १४ कासवं, १२ माद्या नि २ नर, तीही इतकी विखुरलेली की गाठच पडेना. सांताक्रूझ बेटावरच्या प्रजनन केंद्रात त्यांना एकत्र ठेवलं. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला आणि हा पठ्ठ्या शेकडो पिल्लांचा बाप झाला! २०२० साली त्याला एस्पान्योलावर परत सोडलं, तोवर तिथली संख्या २,०००च्या घरात गेली होती.

फर्नांदिना बेटावर तर नामशेष मानलेल्या जातीची मादी २०१९ साली जिवंत सापडली. जनुकीय तपासणीत ती १९०६ सालच्या एकमेव नमुन्याशी जुळली.