लेक टच म्हणजे नेमकं किती टच

गेल्या डिसेंबरात गोव्याला चोडणच्या कांदळवनात आम्ही नवरा-बायकोने दीड तास कयाक चालवली आणि तिथूनच सगळं बिघडलं. चालवली म्हणजे काय, भरतीचं पाणी आत चाललं होतं आणि आम्ही त्या पाण्यावर बसलो होतो, पुढच्या कयाकमध्ये एक गाईड होता तो पक्षी दाखवत होता आणि मधेमधे मागे वळून "सर मस्त, मॅडम मस्त" म्हणत होता. एवढ्यावर माझी खात्री पटली की हे आपल्याला येतं.

पुण्याला परत आल्यावर मी जाहीर केलं की आता आपण पॅडलिंग करणार. एखाद्या धरणाकाठी तंबूत मुक्काम टाकायचा आणि तिथून सकाळ-संध्याकाळ छोट्या छोट्या ट्रिपा मारायच्या, पहिल्या दिवशी अर्धा किलोमीटर, दुसऱ्या दिवशी एक, असं करत करत वाढवत न्यायचं. दत्तू भोकनळचं उदाहरण पण दिलं, की चांदवडकडचा मुलगा, जिथे प्यायला पाण्याची मारामार तिथला, सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात धरलं आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. बायको म्हणाली, "तो पंचविशीतला होता. तू सत्तेचाळीस आहेस आणि परवा गॅस सिलिंडर सरकवताना तुझी कंबर धरली होती." पण नाही म्हणाली नाही. "जागा तू शोध," म्हणाली, आणि लग्नाला वीस वर्षं झाल्यावर या वाक्याचा अर्थ मला कळायला पाहिजे होता.

जागा शोधणं म्हणजे आधी धरण ठरवणं. खडकवासला घराजवळ, पण एका बाजूला एनडीए, तिकडे फिरकायचं नाही, आणि दुसऱ्या बाजूला चौपाटी, म्हणजे आपण वल्हवतोय आणि काठावर पाचशे लोक कणसं खात आपल्याकडे बघतायत, नको. मुळशीचं नाव काढलं तर सासरे म्हणाले, ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तिथे जाऊन तुम्ही बार्बेक्यू करणार का. मी म्हटलं बार्बेक्यू नाही हो बाबा, कयाकिंग, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. भंडारदरा लांब, आणि तिथलं आर्थर लेक इतकं देखणं आहे की तिथे आपण उलटलो तर फोटो पण देखणे येतील, ही भीती. तापोळ्याला कोयनेचं पाणी. आता पुणेकराला दरवर्षी जुलैमध्ये पेपर वाचून वाचून धरणं टीएमसीमध्येच कळतात, तर कोयना 105 टीएमसी आणि पवना साडेआठ. नवशिक्याने कशात पडावं हे उघड होतं. पवना ठरलं. इकडे लोहगड, तिकडे तुंग, पलीकडे तिकोना, मधे पाणी, घरापासून दीड-दोन तास.

पवना ठरलं म्हणजे काहीच ठरलं नाही हे नंतर कळलं, कारण पवनेच्या काठावर जितके तंबू आहेत तितके शिवाजी महाराजांच्या काळात मावळात मावळे तरी होते का मला शंका आहे. मी एका वहीत प्रश्न लिहून घेतले होते. एक, किनारा कसा आहे, खडक की चिखल. दोन, एप्रिलमध्ये पाणी तंबूपासून किती लांब जातं. तीन, दुपारी वारा कुठून सुटतो. चार, कयाक किती आणि कुठल्या. पाच, लाइफ जॅकेटं मापाची आहेत का. हे प्रश्न मी एकूण नऊ कॅम्पांना फोन करून विचारले आणि नऊही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "सर, लेक टच प्रॉपर्टी आहे."

"हो, पण पाणी किती लांब?"

"सर, एकदम लेक टच. लेक व्ह्यूवाले वेगळे, ते वरती. आपलं टच."

"वारा कसा असतो दुपारी?"

"वारा भरपूर सर! एसीची गरजच नाही."

"कयाकिंगची काय सोय?"

"अनलिमिटेड सर. बार्बेक्यू पण अनलिमिटेड, चिकन किंवा पनीर. डीजे रात्री दहापर्यंत. सकाळी पोहे."

हा फोन स्पीकरवर होता. आई शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "लेक टच म्हणजे काय रे? कुणाच्या लेकीला काय केलं?" तिला समजावून सांगेपर्यंत मी ॲडव्हान्स भरून टाकला होता, कारण पलीकडचा माणूस म्हणाला शेवटचे दोनच टेंट राहिलेत. तिथे पोचल्यावर मोजले तर चाळीस टेंट होते आणि त्यातले सव्वीस रिकामे.

आम्ही चौघं. मी, बायको, नववीची परीक्षा संपलेली मुलगी आणि मेव्हणा. मेव्हणा पिंपरीत राहतो आणि त्याला पोहता येतं, या दोन्ही गोष्टी पुढे येणार आहेत. एप्रिलचा दुसरा आठवडा. गाडी लावून तंबूपाशी आलो आणि मी पाणी शोधायला लागलो. वेबसाईटवरच्या फोटोत तंबूच्या दोरीला लाटा लागत होत्या. तो फोटो ऑक्टोबरातला, धरण शंभर टक्के भरलेलं असतानाचा. आता काय होतं तर तंबू, मग दगडांची एक माळ जी बहुतेक ऑक्टोबरातली लेक असावी, मग भेगाळलेली जमीन, मग त्या जमिनीत कोणीतरी लावलेल्या काकड्या, चक्क गाळपेर, पाणी उतरलं की बुडीत जमिनीत घेतात ना ते पीक, मग कुंपण, मग म्हशी, आणि त्याच्याही पलीकडे उन्हात काहीतरी चकाकत होतं. मुलीने मोबाईलवर मोजलं, चारशे दहा मीटर. मालकाला विचारलं हे कसलं टच, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, टच तेच आहे, लेक सरकली."

खरं सांगायचं तर धरण आहे, तळं नाही, हे मलाच सुचायला हवं होतं. धरणाचं पाणी पावसाळ्यात साठवायचं आणि उन्हाळाभर सोडायचं यासाठीच असतं, काठ महिन्या-महिन्याला खाली जातो आणि जिथे उतार कमी तिथे तर फर्लांगभर मागे जातो. म्हणजे नवशिक्याने उन्हाळ्यात जायचं तर उतार जरा तिरपा आणि मुरमाड असलेला काठ बघायला पाहिजे, सपाट हिरवळवाला नाही. फोटोत सुंदर दिसते ती नेमकी सपाट हिरवळ.

अनलिमिटेड कयाकिंग म्हणजे दोन कयाक. एक पिवळी, एक पिवळी होती ती. दोन्ही दोन-सीटर, वर बसायच्या. त्या चारशे दहा मीटर उचलून न्यायच्या. अशी कयाक पंचवीस-तीस किलोची असते, म्हणजे दोन माणसांना सहज जमावी, पण दोन माणसं नवरा-बायको नसतील तर. पुढचा माणूस म्हशीच्या डावीकडून जातो आणि मागचा उजवीकडून. लाइफ जॅकेटं मात्र मी तपासून घेतली, तेवढं गोव्याला शिकलो होतो, घालून पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढायचं, कानापर्यंत आलं तर मोठं. माझं नाकापर्यंत आलं. मेव्हण्याच्या जॅकेटची क्लिप तुटलेली होती तिथे परकराचा नाडा बांधलेला, आणि गंमत म्हणजे सगळ्यात पक्कं तेच निघालं.

मग चिखल. पाणी मागे गेलं की खाली उरतो तो गाळ वरून वाळलेला दिसतो, बिस्किटासारखा, आणि पाय ठेवला की आत गुडघ्यापर्यंत दूध. माझी उजवी चप्पल तिथेच राहिली. बायको म्हणाली सोड. मी सोडली नसती, नवीन होती, पण शोधायला हात घातला तर दुसरीच कोणाची तरी सापडली, ती पण उजवीच.

पाणी मात्र, काय सांगू, आरसा. दुपारचे तीन वाजले होते, मागे डोंगर, डोंगराखाली आमचा काठ, एक पान हलत नव्हतं. मी सगळ्यांना म्हटलं बघा, जागा निवडली ती उगाच नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे मधे पाणी काळपट का दिसतंय?" मी म्हटलं ढगाची सावली. तिने वर बघितलं. ढग नव्हता. "बाबा, आपण पश्चिमेच्या काठावर आहोत ना? उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा घाट चढून येतो, म्हणजे तो आपल्या पाठीमागून येणार." मी म्हटलं उत्तमच, पाठीमागून वारा म्हणजे ढकलतो, कष्ट कमी.

इतकं खरं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

डोंगराच्या आडोशाला काठावर वारा लागत नाही. तो आपल्या डोक्यावरून जातो आणि दोनशे मीटर आत पाण्यावर उतरतो. म्हणजे निघताना सगळं शांत, हौसेने आत जायचं, आणि जिथे पाणी काळपट बारीक सुरकुत्यांचं दिसतं तिथे पोचलं की तो आपल्याला ताब्यात घेतो आणि काठापासून लांब न्यायला लागतो. कुठलाही शिकवणारा पहिल्या दिवशी हे सांगतो, की जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर परत ये, आणि नवशिक्याने मुक्काम असा बघावा की वारा काठाकडे येईल, म्हणजे काही चुकलं तरी घरीच येऊन लागाल. आणि दुपारी तीनला जाऊच नये, सकाळी सहा ते नऊ जावं. मला पण गोव्याला सांगितलं होतं. मी तेव्हा खंड्याचा फोटो काढत होतो.

तर आम्ही दोघं एकीत, मुलगी आणि मेव्हणा दुसरीत. नियम असा की जड माणूस मागे, मागचा दिशा सांभाळतो आणि पुढचा लय धरतो. बायकोने लय धरली. ती तिची स्वयंपाकघरातली लय होती, मला ती कधीच सापडलेली नाही, त्यामुळे आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती, दांडपट्ट्यासारखी, आणि माझ्या प्रत्येक वल्ह्याचं पाणी तिच्या पाठीवर. "मुद्दाम करतोयस का?" दहा मिनिटांनी मागे बघितलं तर आमचे तंबू काडेपेट्यांएवढे. "वळव," ती म्हणाली. मी वळवली. कयाक वळली, पूर्ण गोल वळली आणि परत होती तिकडेच बघायला लागली. तोवर लाटा. लाटा म्हणजे वीतभरच, पण वीतभर लाट बुडाखाली आली की समुद्र वाटते.

तिकडे मेव्हणा उभा राहून आम्हाला हात करायला गेला आणि गेला. नाड्याच्या जॅकेटमुळे बुचासारखा वर आला. मुलीने वल्हं पुढे केलं, कयाक धरून ठेवायला सांगितलं, तो कसाबसा पोटावर चढला आणि दोन घोट पाणी पोटात गेलं होतं ते थुंकत म्हणाला, "आज तर आमचा पाण्याचा वार पण नव्हता." पिंपरी-चिंचवडला पवनेचंच पाणी येतं आणि 2019 पासून एक दिवसाआड येतं, म्हणून हे.

मुलगीच म्हणाली की आता वाऱ्याशी भांडू नका, दोन्ही कयाक शेजारी शेजारी धरून ठेवा आणि वारा नेईल तिकडे जाऊ, समोर काठच आहे, कुठे जातोय. हे एका नववीतल्या मुलीने सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला सांगायचं म्हणजे. पण बायको ताबडतोब "बरोबर आहे तिचं" म्हणाली, वीस वर्षांत माझ्या कुठल्या वाक्याला तिने इतक्या लवकर बरोबर म्हटलेलं नाही. तर आम्ही चौघं एकमेकांच्या कयाकी धरून, जत्रेत हात धरतात तसे, पवना धरण आडवं पार केलं. वाटेत एक आजोबा भेटले. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर मांडी घालून बसलेले, जाळं टाकलेलं, दोन्ही हातात स्लिपरी अडकवलेल्या आणि त्या स्लिपरींनी पाणी मारत वाऱ्याच्या उलट दिशेने चाललेले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्या फायबरच्या वल्ह्यांकडे बघितलं. "काय पाहुणं, फिरायला का?" मी म्हटलं हो. "बरंय," म्हणाले आणि गेले. त्यांच्या हातातली एक स्लिपर मला माझ्यासारखी वाटली, पण ते शक्य नाही.

पलीकडच्या काठावर लागलो तेव्हा साडेपाच झाले होते. मुरमाड, तिरपा, दोन पावलांत पाणी, वारा तोंडावर, अगदी वहीत लिहिला होता तसाच किनारा. तिथे पण कॅम्प होता. विचारलं तर म्हणे आमच्याकडे डीजे नाही आणि हिरवळ नाही, म्हणून लोक येत नाहीत. दर निम्मा.

आमच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला पाण्यातून या. मी म्हटलं शक्य नाही. मग म्हणाला रस्त्याने वळसा घालून वीसेक किलोमीटर पडतात, टेम्पो पाठवतो, टेम्पोचे वेगळे, आणि सर, अनलिमिटेड म्हणजे पंधरा मिनिटं असतं, तुमचे अडीच तास झालेत. यावर घासाघीस झाली. बायकोने केली, मी कयाक पुसत होतो.

टेम्पो दुधाचा. पुढे ड्रायव्हर, बायको आणि मुलगी. मागे कॅनच्या मधे मेव्हणा. दोन्ही कयाक वर आडव्या बांधल्या, त्यातली एक डुगडुगायला लागली म्हणून ड्रायव्हर म्हणाला कोणीतरी वजन लागेल. जड माणूस मागे, हा नियम झालेलाच होता. तेव्हा मी लाइफ जॅकेटसकट, एका पायात चप्पल, कयाकमध्ये बसलो, वल्हं आडवं मांडीवर, आणि संध्याकाळच्या उन्हात डांबरी रस्त्याने मावळातून निघालो. पहिल्याच गावात पारावर चार-पाच म्हातारी माणसं बसली होती. टेम्पो गतिरोधकापाशी हळू झाला तसा त्यातला एक उठून उभा राहिला, कपाळावर हात धरून माझ्याकडे नीट बघितलं आणि काळजीने विचारलं, "का ओ, धरण आटलं काय?"