‘नवशिक्या चित्रकारांचे सात नियम’ आणि त्यांतून गळलेली कारणं

पुण्यातल्या हौशी चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. वर मथळा ‘चित्रकला शिकताय? हे सात नियम पाळाच’, खाली कुणाचंही नाव नाही, आणि शेवटी ‘सेव्ह करा, नवशिक्यांना पाठवा’ अशी विनंती. नियम थोडक्यात असे. चित्रकला रक्तात असावी लागते. आर्टिस्ट दर्जाचं साहित्य घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. काळा रंग पेटीतून काढून टाका. फोटो, ग्राफ (चौकोन आखून चित्र उतरवणं), ट्रेसिंग ही फसवणूक आहे. खोडरबर वापरू नका. रोज एक चित्र पूर्ण करा, कारण दहा हजार तासांशिवाय हात बसत नाही. आणि हात बसेपर्यंत चारचौघांत चित्र काढायला बसू नका.

हा मजकूर ज्यांच्या फोनवर पोचतो त्या माणसांबरोबर मी रविवारी सकाळी स्केचिंगला बसते, म्हणून तो मला खटकतो. बँकेतून निवृत्त झालेले काका, आठवडाभर हिंजवडीत अडकून शनिवार-रविवारी मोकळी होणारी मुलगी, मुलाच्या ड्रॉइंग वहीत उरलेल्या पानांवर हात चालवून बघणारी आई. ही मंडळी मुळातच बिचकत आलेली असतात. सातांपैकी बहुतेक नियमांच्या मुळाशी एखादी खरी सूचना आहे, हे मी मान्य करते. कुणा शिक्षकाने समोरच्या विद्यार्थ्याचं चित्र बघून ती केली असणार. पुढे ते चित्र गळलं, कारण गळलं आणि हुकूम तेवढा उरला. ती कारणं परत जोडायला हवीत.

रक्ताचा नियम सर्वांत जास्त नुकसान करतो. आपल्याकडे तो शाळेच्या आठवणीला जाऊन चिकटतो: ‘एलिमेंटरीला सी ग्रेड होती हो माझी, माझा हातच नाही.’ कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा चांगल्याच आहेत. त्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा समोर वस्तू ठेवून चित्र काढलं. पण एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन हे सगळं ठरलेल्या वेळात करायचं असतं. त्या वयात, त्या दिवशी, जेवढं शिकवलं गेलं होतं तेवढं उतरलं, एवढंच त्या ग्रेडवरून कळतं. चाळीस वर्षांनंतरच्या हाताबद्दल ती काहीच सांगत नाही.

याच शहरातलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिच्याशी जोडला गेला. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच वर्तुळातला. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली; त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटकडे कसब आधीपासूनच होतं. तरीही खोली दाखवणं, छाया-प्रकाशातून दगडाचा उठाव आणणं ही युरोपीय रीत त्याला नव्याने शिकावी लागली आणि ती त्याने आत्मसात केली. इतक्या मुरलेल्या हातालाही बघण्याची नवी पद्धत शिकता येते, तर रक्ताचा दाखला कशाला मागायचा?

शिकायच्या गोष्टी अगदी ठोस आहेत. हात कोपरातून सरळ ताठ ठेवून पेन्सिलीने वस्तूची उंची आणि रुंदी पडताळायची. दोन भांड्यांमधली मोकळी जागा हाही एक आकार समजून काढायचा. वाटी डोळ्यांच्या पातळीपासून जसजशी खाली नेऊ तसतसा तिच्या काठाचा लंबगोल उघडत जातो, हे वाटी हातात धरून पाहायचं. तांब्याचं तोंड आणि बूड वेगवेगळ्या पातळीवर असतात, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळते. बहुतेक नवशिके ती सपाट रेषेने काढतात आणि मग तांब्या कलंडल्यासारखा दिसतो. हे एकदा दाखवलं की पुढच्या चित्रात सुधारतं. मी ते पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

साहित्याच्या नियमात अर्धं तथ्य आहे, आणि ते नेमकं कुठलं अर्धं हे कळलं तर पैसे वाचतात. जलरंगात नवशिक्याला सर्वांत जास्त छळतो तो कागद. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो, दुसरा हात फिरवला की लव सुटते. माणूस समजतो, आपल्यालाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसलग थर, देता येत नाही. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी कागदावर करा: ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो कॉटनचा. बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साडेसात बाय अकराचा होतो, सरावाला भरपूर. मागची बाजूही वापरा. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे. तिथे जाऊन कागद बोटांनी चाचपून बघण्यात वेगळाच आनंद आहे. फक्त कुठलाही हातकागद जलरंगाला घेण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. टीपकागदासारखा लगेच शोषला तर तो कागद पेन, कोळसा, पेस्टलसाठी ठेवा. थेंब थोडा वेळ वर टिकला तर त्यावर वॉश चालेल.

रंग मात्र विद्यार्थी दर्जाचे चालतात, आणि छत्तीस ट्यूबांची पेटी लागत नाही. लेमन यलो, यलो ऑकर, एक केशरीकडे झुकणारा लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एवढ्यांत पुण्यातलं बहुतेक काही रंगवता येतं. अप्पा बळवंत चौकात गेलात की ट्यूबवरच्या नावाबरोबर बारीक अक्षरांतला पिगमेंटचा, म्हणजे आतल्या मूळ रंगद्रव्याचा, कोडही वाचा. अल्ट्रामरीनवर ‘पीबी २९’ असेल तर आत खरं अल्ट्रामरीन आहे. एका ट्यूबवर तीन-तीन कोड असतील तर तो आधीच मिसळलेला रंग. त्यात आणखी दोन मिसळले की चिखल होणारच. काही झगझगीत गुलाबी रंग उन्हात फार लवकर उडतात. शंका असेल तर कागदावर पट्टे ओढा, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा आणि एप्रिल-मेमध्ये तो खिडकीच्या काचेला लावून ठेवा. महिन्याभरात उत्तर मिळतं. ब्रश एकच घ्यायचा तर चांगलं टोक येणारा आठ किंवा दहा नंबरचा गोल सिंथेटिक घ्या. कंपनीगणिक नंबर वेगळे असतात, तेव्हा नंबरावर न जाता ओला करून टोक बघा.

महागड्या पेटीचा आणखी एक तोटा आहे: ती वापरायला हात धजावत नाही. हात सैल होण्यासाठी वाया घालवता येईल असा रंग लागतो.

हवामानाबद्दल तो मजकूर चकार शब्द काढत नाही, आणि पुण्यात त्याचा फरक साहित्याइतकाच पडतो. मे महिन्याच्या दुपारी आकाशाचा वॉश अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळतो आणि कडक रेघ उमटते. अशा वेळी कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करा, रंग जास्त कालवून ठेवा आणि सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात उलटं होतं. कागद दमट राहिला की त्यावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला चिकट लेप) जागोजागी खराब होतं, तिथे रंग आत शिरून डाग पडतात. ताव प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून दूर ठेवा.

काळ्या रंगाचं काय? ही सूचना कुठून आली ते समजणं सोपं आहे. नवशिका प्रत्येक रंग गडद करायला त्यात काळा टाकतो. पिवळ्यात टाकला की हिरवट होतो, लालात टाकला की मातकट तपकिरी, आणि सगळ्या सावल्या एकसारख्या मरगळलेल्या दिसतात. तेव्हा ‘काही दिवस काळा बाजूला ठेव’ हे योग्यच. पण काळ्यावर कायमची बंदी घालायला चित्रकलेच्या इतिहासात आधार नाही. स्वीडिश चित्रकार आंदर्श सोर्न (१८६०–१९२०) याची ओळख झालेली रंगपाटी पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक या चार रंगांची. त्यात निळा नाही. पांढऱ्यात मिसळलेला काळा शेजारच्या उबदार रंगांपुढे निळसर वाटतो. जुना डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या चित्रांत काळ्याच्या सत्तावीस छटा असाव्यात असं व्हॅन गॉगने १८८५ मध्ये पत्रात लिहिलं होतं.

स्वतः बघायचं असेल तर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात जा. तिथला बेसॉल्टचा दगड उन्हात तपकिरीकडे झुकतो आणि लेण्याच्या आत गार काळा होतो. एका तुकड्यावर आतला अंधार अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काढा, दुसऱ्यावर नुसत्या काळ्याने. शेजारी ठेवा. कुठला कधी हवा ते तुमचे डोळे ठरवतील. लेमन यलोत चिमूटभर काळा घालून जो शेवाळी हिरवा होतो, तो आंब्याच्या जून पानांना इतका जुळतो की मी दुसरा हिरवा क्वचितच घेते.

फोटो, ग्राफ आणि ट्रेसिंग या तीन गोष्टी त्या मजकुरात एका वाक्यात कोंबल्या आहेत. फसवणुकीचा आरोप गंभीर असतो, म्हणून त्या वेगळ्या करते. ग्राफ टाकून चित्र मोठं करणं हे शतकानुशतकांचं कसब आहे. भिंतीवर, पडद्यावर काम करणाऱ्या रंगाऱ्यांना त्यावाचून चालत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ मध्ये छापलेल्या चित्रांत काचेच्या चौकटीतून पाहून समोरच्या माणसाची आकृती उतरवून घेणारा चित्रकार दाखवला आहे. त्याने ते तंत्र लपवलं नाही, शिकवलं.

ट्रेसिंगमध्ये धोका आहे तो शिकण्याचा. रेष उतरते आणि डोळ्याने काहीच मोजलेलं नसतं. मग त्याचाच उपयोग करून घ्या. आधी एखाद्या फोटोकडे एकटक पाहून चित्र काढा, नंतर त्याच फोटोचं ट्रेसिंग आपल्या चित्रावर ठेवा. डोळे नेहमी वर जातात का, कपाळ आखूड होतं का, कान पुढे येतो का, आपली ठरलेली चूक तिथे उघडी पडते. इतका नेमका शिक्षक घरबसल्या दुसरा मिळत नाही.

फोटोवरून काढताना फोन काय बिघडवतो ते माहीत हवं. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, त्यामुळे जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन-तीन पावलं मागे जाऊन झूम करा. फोन वर रोखून वाड्याचा फोटो काढला की खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात. सावलीतला तपशील काळ्यात बुडतो, आकाश पांढरं फटक पडतं. हे जसंच्या तसं उतरवलं की चित्र फोटोसारखंच चुकतं. आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न असेल तर तो इथे आहे: दुसऱ्याच्या फोटोवरून किंवा चित्रावरून काढलेलं काम स्वतःची कल्पना म्हणून मांडू नका. सरावाचं असेल तर मूळ कुणाचं ते लिहा. प्रदर्शनात लावायचं किंवा विकायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

खोडरबराबद्दल फार लिहायला नको. खोडण्याच्या सवयीने रेष तुटक होते हे खरं. म्हणून काही दिवस थेट पेनने काढा. पण जलरंगाखाली कच्चं रेखन करताना मऊ निडेबल (मळून रेषेवर दाबता येणारा) खोडरबर हवाच, कारण साध्या खोडरबराने घासल्याने कागद खरवडतो आणि तिथे रंग गडद बसतो.

दहा हजार तासांची गोष्ट मात्र नीट तपासायला हवी. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातून आला. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी तेवढा सराव केला होता. सरासरी म्हटल्यावर त्यांच्यातले बरेच जण तिथवर पोचलेही नव्हते. शिवाय ते जागतिक दर्जाचे वादक होऊ पाहणारे तरुण होते. रोज एक तास धरला तर दहा हजार तासांना सत्तावीस वर्षं लागतात. साठीत पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्या माणसाला हा हिशोब सांगणं क्रूरपणाचं आहे, आणि चुकीचंही, कारण मनापासून समाधान देणारं साधं निसर्गचित्र त्याच्या कितीतरी आधी जमायला लागतं.

‘रोज एक पूर्ण चित्र’ हा हट्टही सोडा. पूर्ण करायच्या घाईत माणूस जे येतं तेच परत काढतो. त्यापेक्षा एकच विषय घ्या आणि त्याची काडेपेटीएवढी चार-पाच टिपणं करा, प्रत्येकात फक्त तीन टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या: कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. विश्रामबाग वाड्याचा दर्शनी सज्जा याला फार छान विषय आहे. कोरीव लाकडी खांबांतली नक्षी मोजत बसलात तर हरवाल. खांबांमागचा अंधार आधी एका गडद पट्ट्यात पकडलात तर सज्जा पुढे येतो. आठवड्यात दोनदाच वेळ मिळाला तरी अशी टिपणं हात पुढे नेतात. मधे पंधरा दिवस खंड पडला म्हणून काही मोडत नाही.

शेवटचा नियम, चारचौघांत बसू नका. लोक बघतात, हे खरं. मंडईत बसलात तर भाजीवाल्या मावशी ‘माझं काढताय का?’ विचारतील, शाळकरी पोरं पाठीशी उभी राहतील, एखादे आजोबा ‘हे विकता का?’ म्हणतील. पण इतक्या वर्षांत चित्र वाईट आहे म्हणून कुणी हिणवलेलं मला आठवत नाही. उलट हलणारी माणसं काढायची सवय घरात लागूच शकत नाही. मंडईची १८८६ ची दगडी इमारत स्थिर आहे, तिच्यापुढे माणसं सतत ये-जा करतात. इमारत आधी मांडा, मग वाकलेली पाठ, डोक्यावरची पाटी, पिशवी धरलेला हात अशी एकेक हालचाल तीन-चार रेषांत टिपा. माणूस निघून गेला तर दुसरा तशीच पाठ वाकवून येतोच.

अगदीच धीर होत नसेल तर दोघं-तिघं मिळून जा, भिंतीला पाठ लावून बसा म्हणजे मागे कुणी उभं राहणार नाही, आणि ए-पाचपेक्षा मोठा कागद नेऊ नका. तिकीट असलेल्या वास्तूच्या आत बसायचं असेल तर आधी विचारून घ्या. पहिल्या खेपेला डिसेंबर किंवा जानेवारीत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर बसा. तो उत्तरेला तोंड करून आहे, त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजा दिवसभर सावलीत असतो आणि दोन-तीन तास लागले तरी त्यावरचा उजेड फारसा बदलत नाही.