व्याख्येआधी वाक्य घ्या

मराठी मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवण्यावरच्या तुमच्या लेखात शब्दांच्या आठही जातींच्या व्याख्या आधी पाठ करा, असं सुचवलंय, ते मला पटलं नाही. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या वाक्यातल्या कामावरून ठरते. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये फास्ट हे विशेषण, 'शी रन्स फास्ट'मध्ये तोच शब्द क्रियाविशेषण. 'वॉटर म्हणजे नाम' एवढंच घोकलेलं मूल 'वॉटर द प्लांट्स'पाशी अडणारच, कारण तिथे वॉटर हे क्रियापद आहे.

मराठी मुलांना खरा त्रास शब्दक्रमाचा होतो आणि त्यावर लेखात एक ओळही नाही. 'कुत्र्याने मांजराला पकडलं' हे शब्द कसेही फिरवा, अर्थ तोच राहतो, कारण कर्ता-कर्म 'ने' आणि 'ला' सांभाळतात. 'द डॉग कॉट द कॅट'मध्ये नामांची अदलाबदल केली की मांजरानेच कुत्र्याला पकडलं! शब्दयोगी अव्ययाची जागाही वेगळी, आपल्याकडे नामानंतर, इंग्रजीत नामाआधी. आपलं 'टेबलाखाली', त्यांचं 'अंडर द टेबल'.

'अ' आणि 'अ‍ॅन'चा भाग मात्र फार आवडला. स्पेलिंग नव्हे, उच्चार बघायचा, म्हणून 'अ‍ॅन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', हे इतकं स्वच्छ क्वचितच कुणी सांगतं. पुढच्या लेखात काळ घेणार असाल तर 'डिड'नंतर क्रियापदाचं मूळ रूप का येतं तेही जरूर घ्या. 'डिड नॉट वेन्ट' सर्रास ऐकू येतं.