पंचवीस शेक, पाच शेक

गारगोटीच्या मावशीच्या स्तनातली गाठ काढली. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रेडिएशनचे पाच शेक पुरेत, सोमवार ते शुक्रवार. लगेच घरच्या ग्रुपवर माझ्या मावसभावाचा, दादाचा, मेसेज आला: "पंचवीसच्या जागी पाच? गरिबाला अर्धवट उपचार करून वाटेला लावतात. तुमच्या लंडनात असं चालेल का?" खाली अंगठ्यांची रांग. मी दोन रात्री नीट झोपले नाही.

दादा, हे पाच शेक लंडनचेच आहेत.

दक्षिण लंडनमधल्या एका रुग्णालयात रेडिओथेरपीच्या संशोधनात मी अठरा वर्षं काढली. इथून जवळ, सटनला, रॉयल मार्सडेन या कॅन्सर रुग्णालयात जॉन यार्नोल्ड नावाच्या डॉक्टरांनी सगळी कारकीर्द एकाच प्रश्नामागे घातली. रोज थोडं थोडं रेडिएशन पाच आठवडे द्यायचं, ते कशासाठी? समजूत अशी की डोस लहान असला की निरोगी पेशी सावरतात आणि कॅन्सरच्या मरतात. यार्नोल्ड यांना शंका आली की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीही याबाबतीत निरोगी पेशींसारख्याच वागतात. तसं असेल तर लहान डोसाचा फायदा कॅन्सरलाही मिळतो. मग रोजचा डोस वाढवून एकूण बेरीज का कमी करू नये?

१९८६ साली सुरू झालेल्या पहिल्या चाचणीत १४१० बायका होत्या. पुढच्या चाचण्यांनी पाच आठवड्यांचे तीन केले, ५० ग्रेचे ४० (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप). मग फास्ट-फॉरवर्ड नावाची चाचणी: ९७ रुग्णालयं, ४०९६ रुग्ण. पाच वर्षांनी त्याच बाजूला कॅन्सर उलटल्याचं प्रमाण तीन आठवडे शेक घेतलेल्यांत २.१ टक्के होतं, आणि पाच दिवसांत २६ ग्रे घेतलेल्यांत १.४. एप्रिल २०२० मध्ये निकाल आला. एका प्रश्नाला ३४ वर्षं लागली, आणि आपल्याकडे एका मेसेजमध्ये त्याचं उत्तर फसवणूक ठरलं.

इथे शेकागणिक रुग्णाला बिल येत नाही. आपल्याकडे खाजगीत उपचाराचे पैसे मोजायचे, तरी लोकांना जास्त शेक म्हणजे जास्त उपचार वाटतो. काखेलाही शेक द्यायचा असेल तर हिशेब बदलू शकतो, ते डॉक्टर बघतील. पण मावशीची केस तशी नाही, रिपोर्ट मी वाचलेत.

आणि खरी गरज कुणाला होती? इथल्या बाया बसने येतात, पंधरा मिनिटांत मोकळ्या होऊन कामावर जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा. जालना, नांदेडहून आलेली माणसं टाटाचे उपचार संपेपर्यंत तिथे दिवस मोजत असतात. एका आठवड्यात घरी जाता येणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं एवढंच उत्तर आलं: "तू तिथे बसून सांग. तुझ्या आईला रोज कोण नेत होतं, ते आठव."

२०१२ साली आईने पंचवीस शेक घेतले. रोज पहाटेची एसटी, शेजारी मावशी, आणि दादा दुकान बंद ठेवून सोबत. छातीवर जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या, त्या पुसू नयेत म्हणून आई पाच आठवडे ओल्या फडक्याने अंग पुसायची. तिच्या पांढऱ्या ब्लाउजांना आतून जांभळे डाग पडले होते. मी वर्षाने गेले तेव्हा ते कपाटात घडी करून ठेवलेले पाहिले. इथे टोचून तिळाएवढा ठिपका करतात, बाई त्याच दिवशी आंघोळ करते. हे मला रोज दिसत होतं आणि मी आईला फोनवर सांगत होते, पाणी लागू देऊ नकोस.

काल मावशीला फोन केला. पाच शेक घेणार म्हणाली, "तू म्हणतीस तर घेते." मग विचारलं, "तुझ्या आईच्या टायमाला हे नव्हतं व्हय गं?"

नव्हतं. त्याच वर्षी मी इथे एकेका बाईसमोर बसून विचारत होते, पाच दिवसांत भागतं का ते शोधायचंय, तुम्ही सामील व्हाल का?