नाकापेक्षा तारीख जड

घरातले अन्न खावे की उकिरड्यावर टाकावे, हे ठरवताना आपण यापुढे नाक, जीभ आणि आजी या तिन्ही कालबाह्य साधनांवर मुळीच विसंबू नये. ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ती वर्षभर पुरवणे, मुंगवड्या उन्हात खडखडीत वाळवणे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या छापील तारखेवाचून चालत आले असल्यामुळे ते संशयास्पदच मानावे.

पुड्यावर कधी ‘बेस्ट बिफोर’ असते, तर कधी ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’. हा भेद समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. पहिली तारीख चव आणि कुरकुरीतपणा सांगते, दुसरी खाण्यातला धोका सांगते, आणि भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी दुसरी सक्तीची करून पहिली ऐच्छिक ठेवली आहे, हे एकदा कळले की कालच्या ‘बेस्ट बिफोर’चा बिस्किटपुडा फेकताना हात थरथरू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. एवढ्या मोठ्या कार्यात आपले घर मागे राहिले, तर गावात तोंड कसे दाखवणार?

तारखेखाली बारीक अक्षरांत ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापलेले असते, ते तर चुकूनही वाचू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, टिनाचे छप्पर तापते, दुपारी वीज जाते आणि फ्रीजचे नुसते कपाट होते. तरीही दुधाच्या पिशवीवर परवाची तारीख असेल, तर दूध नासले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. (ते फाटले, तर त्याला पनीर म्हणावे.)

मुदत संपलेली बिस्किटे गोठ्यात नेऊन टाकावीत. गाईला वाचता येत नसल्यामुळे ती आनंदाने खाते आणि सायंकाळी नेहमीइतकेच दूध देते. त्या दुधावर मात्र कसलीच तारीख नसते. सबब ते डेअरीत घालून यावे आणि परतताना दुकानातून पिशवी आणावी.