‘सात वर्षांनी रेकॉर्ड आपोआप पुसलं जातं’ म्हणे!

रविवारी रात्री भाच्याचा फोन. “मामा, साक्षांकन नमुन्यात, म्हणजे भरतीच्या माहिती-पडताळणीच्या फॉर्मात, ‘कधी खटला चालला होता का’ याला मी ‘नाही’ लिहितोय. आता चालतं.” कोण म्हणतं? तर भरतीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच. मजकूर असा: सात वर्षांनी पोलीस रेकॉर्ड आपोआप पुसलं जातं, तडजोड झालेली केस धरत नाहीत, फॉर्मात बिनधास्त ‘नाही’ लिहा, पाचशेच्या स्टँपवर अ‍ॅफिडेव्हिट केलं की रेकॉर्ड क्लिअर, अल्पवयात झालेलं मोजत नाहीत, आणि काहीच नाही जमलं तर हायकोर्टात एक अर्ज, सगळं साफ.

भाच्याची केस म्हणजे बांधावरचं भांडण. 2019 साली चुलत्यांशी वाजलं, फिर्यादीत घरातल्या यच्चयावत पुरुषांची नावं गेली, त्यात 19 वर्षांच्या याचंही. भारतीय दंड संहितेची कलमं 323, 504, 506. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, सगळे सुटले. तेच चुलते आता दिवाळीला आमच्याकडे जेवायला असतात.

आधी त्या ‘नाही’चंच बघू, कारण बाकी मेसेज नुसता मूर्खपणाचा आहे, हा मुद्दा मात्र पोरांच्या नोकऱ्या खाणारा आहे. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच, हे खरं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्येच ते लिहिलेलं आहे. पण सुटणं वेगळं आणि खटला झालाच नव्हता म्हणणं वेगळं. नमुना फक्त शिक्षा विचारत नाही. कधी अटक झाली होती का, कधी खटला चालला होता का, हेही विचारतो. त्याचं उत्तर ‘हो’ आहे. पुढे पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी होते तेव्हा केस निघतेच, आणि मग अडचण भांडणाची राहत नाही, खोटं लिहिल्याची होते.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे. आधीच्या निकालांत एकवाक्यता नव्हती म्हणून प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की अटक, खटला, शिक्षा यांची माहिती खरीच द्यायची, लपवायची नाही. मेसेजवाल्याने बहुधा याच निकालातली एक ओळ उचलली असावी: कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण लपवलं गेलं असेल, तर नेमणूक करणारा त्याकडे काणाडोळा करू शकतो. करू शकतो! तो त्याचा अधिकार, उमेदवाराचा हक्क नव्हे. तोच निकाल असंही सांगतो, की खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायलाच हवी अशी सक्ती नाही, पूर्वेतिहास बघायचा अधिकार राहतोच. म्हणजे ‘हो’ लिहून धोका अजिबात नाही, असं मीही म्हणणार नाही. पण ‘हो’ लिहिलं तर प्रकरण किती किरकोळ होतं हे सांगायला जागा राहते. ‘नाही’ लिहिलं की ती जागा आपणच बुजवली.

सात वर्षं? असं आपोआप पुसणारं कलम आपल्याकडे नाही. अमेरिकेत नोकरीपूर्व चौकशी करणाऱ्या कंपन्यांना शिक्षेविना संपलेल्या जुन्या अटका सात वर्षांनंतर कळवण्यावर बंधन आहे, आणि रेकॉर्ड पुसण्याचे कायदेही तिथल्या बऱ्याच राज्यांत आहेत. तिकडचंच काहीतरी इकडे तिरंगा लावून फिरत असावं. अ‍ॅफिडेव्हिटवर तर काय बोलावं. स्वतःच्याच शपथेवर स्वतःचं रेकॉर्ड पुसता आलं असतं, तर जिल्हा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांनी देशातली गुन्हेगारी केव्हाच संपवली असती.

अल्पवयाचा मुद्दा, नाइलाजाने सांगतो, बराचसा बरोबर आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 म्हणतं, की अशा मुलाला दोषी ठरल्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करायच्या. अपवाद सोळा पूर्ण केलेल्या, घृणास्पद गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेल्या मुलांचा. भाच्याला यातलं काहीच लागू नाही, तो तेव्हा एकोणीसचा होता.

हायकोर्ट गुन्हा रद्द करू शकतं, हेही खरं. पूर्वी त्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 528. खाजगी भांडणात समेट झाला तर करतंही. पण त्याला वकील लागतो, कारण लागतं, आणि ‘कधी खटला चालला होता का’ या प्रश्नातला ‘कधी’ त्यानंतरही तिथेच असतो.

भाच्याला म्हटलं, उद्या कोर्टात जा, तडजोडीच्या आदेशाच्या नकलेचा अर्ज टाक. केस नंबर, कलमं, आदेशाची तारीख नमुन्यात स्वच्छ अक्षरात लिही, सोबत नक्कल जोड. तो म्हणाला, ग्रुपवरची पोरं हसतील. म्हटलं, हसू दे. नकलेच्या दोन प्रती काढ, एक घरी ठेव.