मत्स्यावताराआधी मनू होता

एक मजकूर गेल्या काही वर्षांत मला निदान चार नातेवाइकांनी पाठवला. आशय असा: डार्विनने 1859 साली जे सांगितलं ते आपल्या ऋषींना हजारो वर्षं आधी ठाऊक होतं, कारण दशावतार म्हणजेच उत्क्रांती. मत्स्य म्हणजे पाण्यात सुरू झालेलं जीवन, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचा सस्तन प्राणी, नरसिंह म्हणजे अर्धा पशू अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, मग परशू हाती घेतलेला परशुराम आणि पुढे पूर्ण मानव. शेवटी दोन पुरवण्या. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा आकडा आधुनिक विज्ञानाशी जुळतो. आणि पहिला जीव कसा निर्माण झाला हे शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही, आपल्याला मात्र कळलं होतं. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी यातला दशावताराचा दावा व्यासपीठावरून मांडला. तेव्हा ही फक्त घरगुती गप्पांतली गोष्ट राहिलेली नाही.

मी सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकं बघत वाढले आणि पुढे आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. हा मजकूर मला दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मत्स्यापासून सुरुवात करू. नाटकाआधीच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, काळ्या वेशातला संकासुर येतो तो वेद चोरून, आणि ते परत मिळवण्यासाठी विष्णू अवतरतो. म्हणजे मासा येण्याआधी वेद आहेत, ब्रह्मदेव आहे, चोरही आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली कथा याहून जुनी. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला महापुरातून तारीन. तिथे त्या माशाला विष्णू म्हटलेलंही नाही. भागवतात मनूच्या जागी राजा सत्यव्रत आहे, नावेत सप्तर्षी आहेत, वनस्पती आहेत, बी-बियाणं आहे. ही कथा जीवनाच्या आरंभाची नाहीच. ती प्रलयातून वाचण्याची आहे, आणि माशाला वाढवणारा माणूस तिच्यात पहिल्या ओळीपासून हजर आहे.

आता दुसरी बाजू. मासा म्हणजे जीवनाची सुरुवात, हे जीवशास्त्रातही खरं नाही. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले खडक आहेत, ते जवळपास 348 कोटी वर्षांपूर्वीचे. माशांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वीचे. मधली जवळजवळ 300 कोटी वर्षं पृथ्वीवर जीव होते आणि मासा नव्हता. प्रकाशसंश्लेषण त्या काळात आलं, हवेत प्राणवायू साठला तो तेव्हा, पेशीत केंद्रक आलं ते तेव्हा, एकपेशीय जीवांतून बहुपेशीय जीव झाले तेही तेव्हाच. जीवनाच्या इतिहासाचा सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत विलक्षण भाग हाच आहे, आणि दशावताराच्या तक्त्यात त्याला जागाच नाही.

कासव उभयचर नाही, सरीसृप आहे. उभयचर म्हणजे बेडूक. पाण्यातून जमिनीकडे येणाऱ्या प्राण्याचा अवशेष हवा असेल तर तो टिकटालिक आहे, 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा. कोणत्या वयाच्या खडकात असा प्राणी सापडायला हवा हे आधी ठरवून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर टोकाला वर्षानुवर्षं गेले, आणि 2004 साली तो त्यांना सापडला. कासवांच्या वंशातले जुने जीवाश्म यानंतर सुमारे 15 कोटी वर्षांनी दिसतात. सिद्धान्ताची ताकद या अशा शोधात दिसते: कुठे खणायचं हे तो सांगतो. दशावताराच्या क्रमावरून आजवर कुणी एकही जीवाश्म शोधलेला नाही.

वराह माणसाचा पूर्वज नाही, चुलत शाखेतला आहे. सिंह आणि माणूस यांच्यामधला टप्पा तर कधी नव्हताच. उत्क्रांती शिडीसारखी चढत नाही, झाडासारखी फांद्या फोडत जाते. काही फांद्या मागेही वळतात. याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट इथून जमवलेले दगड त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने संशोधकांकडे सोपवले. त्यातली एक कवटी साफ करताना चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं: देवमाशाच्या कानासारखं! इंडोह्यूस नावाचा हा प्राणी सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, चार पायांचा. 2007 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. जमिनीवरचे प्राणी पुन्हा समुद्रात गेले आणि देवमासे झाले, त्या प्रवासाच्या तोंडाशी तो उभा आहे. मत्स्य ते वराह या क्रमाच्या नेमकी उलट दिशा. अभिमान वाटायला हवा तो या दगडांचा, आणि त्यांचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नरसिंहाचं अर्धं रूप का? हिरण्यकशिपूला वर होता: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. म्हणून नरसिंह, म्हणून उंबरठा, म्हणून संध्याकाळ. या रूपाचं उत्तर कथेतच आहे. त्याला संक्रमणावस्थेतला प्राणी म्हटलं की प्रल्हादाची सगळी गोष्टच हातातून निसटते.

वामन हा आदिमानव नाही; बळीच्या यज्ञात दान मागायला आलेला बटू आहे, आणि बळी राज्य करतो आहे. परशुराम रामाला भेटतो आणि महाभारतात कर्णाला अस्त्रविद्याही शिकवतो. टप्पे असते तर एकाच काळात कसे नांदले असते?

क्रम आणि संख्या यांचंही तसंच. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार येतात. तिथे आधी सनकादिक कुमार, मग वराह. दत्तात्रेय सहावे, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. डुक्कर माशाच्या आठ जागा आधी. जयदेवाच्या गीतगोविंदातल्या दशावतारात आठवा बलराम आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठल उभा असतो. ही श्रद्धेची जिवंत यादी आहे. प्रदेश बदलला की ती बदलते, आणि तसा तिला पूर्ण अधिकार आहे.

मग हे साम्य कुणाला आधी दिसलं? डार्विनच्या ग्रंथानंतर अठरा वर्षांनी, 1877 साली, थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी ते मांडलं. 1882 साली ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेनांनी. उत्क्रांती जगजाहीर झाल्यावर तिच्या उजेडात केलेलं हे वाचन आहे. पुढे भारताचे नागरिक झालेले जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनीही या क्रमाच्या ढोबळ साम्याकडे बोट दाखवलं होतं. पण पहिल्या जीवाबद्दल त्यांनी 1929 साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात आधार रसायनशास्त्राचा घेतला.

चौऱ्याऐंशी लक्ष योनी. 2011 सालचा 87 लाख प्रजातींचा एक अंदाज घेऊन ही जुळणी केली जाते. तो एका पद्धतीने काढलेला अंदाज आहे आणि त्यात जिवाणू मोजलेलेच नाहीत. परंपरेतली फोड बघा: जलचर 9 लाख, स्थावर 20, कृमी 11, पक्षी 10, पशू 30, मानव 4. आज ज्ञात पक्ष्यांच्या प्रजाती सुमारे 11 हजार, सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास, आणि नावं दिलेले कीटकच सुमारे 10 लाख. बेरीज जवळ आली, पण एकही ओळ जुळत नाही. मानवाच्या चार लाख प्रजाती तर कुणीच मानत नाही. संतांनी हा आकडा प्राण्यांची मोजदाद म्हणून वापरला नाही. नरदेह किती दुर्लभ आहे हे सांगायला वापरला.

राहिली शेवटची पुरवणी. पहिला जीव नेमका कसा झाला हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेलं नाही, हे खरं. पण हात रिकामे नाहीत. 1953 साली स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यात विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली. त्याच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या 2008 साली पुन्हा तपासल्या तेव्हा वीसहून अधिक निघाली. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं होती. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 साली आणलेल्या मातीत डीएनए आणि आरएनएची पाचही बेसेस, म्हणजे आनुवंशिक माहितीची रासायनिक अक्षरं, सापडली. या सुट्या भागांपासून स्वतःची नक्कल करणारी पहिली व्यवस्था कशी जुळली, यावर काम चालू आहे.

आणि आपल्याला ते आधीच कळलं होतं का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं सूक्त, नासदीय, सात ऋचांचं आहे. ही सृष्टी कुठून आली, असं ते विचारतं. देवही तिच्यानंतरचे, मग कोण सांगणार, असं म्हणतं. आणि शेवटच्या ऋचेत, परम आकाशातून हे सगळं पाहणाऱ्या अध्यक्षाबद्दल: त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.